पिंजऱ्याचे दीड-दोन रुपये

लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये दिवसाचं पहिलं काम मरतूक उचलायचं. उजाडण्याआधी टॉर्च घेऊन दोन ओळींमधल्या बोळातून चालायचं, खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत प्रत्येक खणात उजेड मारायचा आणि मान टाकून पडलेली कोंबडी दिसली की बाहेर काढायची. बाकीच्या दोघी तिच्याच अंगावर उभ्या असतात, कारण उभं राहायला दुसरी जागाच नसते. धुळ्याजवळच्या एका फार्मवर मी काही वर्षं सुपरवायझर होतो. मरतूक किती, खाद्य किती गेलं, अंडी किती आली, हे तीन आकडे रोज संध्याकाळी मालकाला कळवायचे. मालक भला माणूस. पगार कधी थकवला नाही, पक्ष्यांच्या औषधाला कधी हात आखडता घेतला नाही. लस वेळेवर, पाणी स्वच्छ, खाद्यात भेसळ नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते कुण्या वाईट फार्मचं नाही. नीट चालवलेल्या फार्मचं आहे.

आपल्याकडे लेअरचा एक नेहमीचा खण १५ इंच बाय १२ इंचांचा असतो आणि त्यात तीन कोंबड्या ठेवतात. हिशेब केला तर एका कोंबडीच्या वाट्याला ३८७ चौरस सेंटिमीटर जागा येते. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी जागेत दीड किलोचा जीव सोळाव्या-सतराव्या आठवड्यापासून बहात्तराव्या आठवड्यापर्यंत, बऱ्याचदा त्याहूनही पुढे, राहतो. खाली सपाट जमीन नसते. अंडं घरंगळून पुढे यावं म्हणून उतरती जाळी असते. पंख पसरता येत नाहीत. वळायचं तर तिघींना मिळून वळावं लागतं.

या कामात ज्याने वर्षं काढली आहेत त्याला एक आवाज ओळखीचा असतो. अंडं घालायच्या आधी तासभर कोंबडी बेचैन होते. गावातली कोंबडी अशा वेळी कणगीच्या मागे, सरपणाच्या ढिगात, माळ्यावरच्या जुन्या टोपलीत आडोसा शोधते. आपल्या आयांना हे पाठ असतं, कोणती कोंबडी कुठे जाऊन बसते ते. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडीही तेच करते. कित्येक पिढ्या पिंजऱ्यात काढल्या म्हणून ती ओढ गेलेली नाही. ती तारेतून डोकं बाहेर काढते, पुन्हा आत घेते, शेजारणीच्या पोटाखाली घुसायला बघते आणि सगळा वेळ एक लांबट, चिरका सूर लावून असते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये हा सूर भरून राहतो. नवा माणूस विचारतो, आजारी आहेत का? आजारी नसतात. आडोसा मागत असतात.

अंडी कमी झाली की लॉट काढतात. हे पक्षी बाजारात 'लेअर' म्हणून ब्रॉयलरपेक्षा स्वस्त जातात आणि गोरगरिबाच्या घरी कोंबडीचा रस्सा होतो तो बऱ्याचदा याच कोंबडीचा. एकदा लॉट निघाला तेव्हा मी काही कोंबड्या विकत घेऊन आमच्या एरंडोल तालुक्यातल्या मळ्यात आणल्या. उतरवताना एकीचा पाय हातातच मोडला. रोजच्या अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम हाडांतून निघत राहतं, आणि हालचाल नसली की हाडं ठिसूळ होतात. पुस्तकात वाचलेलं होतं, त्या दिवशी हाताला कळलं. बाकीच्या जिथे ठेवल्या तिथेच उभ्या राहिल्या. नखं वाढून आत वळलेली, मानेवरची पिसं तारेवर घासून गेलेली. आई म्हणाली, "इले चालता बी येत नही का रे?" नव्हतंच येत. पहिले दोन दिवस त्या पाऊल उचलून तसंच अधांतरी धरायच्या. मग निंबाखालच्या मऊ मातीत एक बसली आणि पायाने माती उकरून पंखांवर घ्यायला लागली. एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, डोळे अर्धे मिटून. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. इनक्युबेटरमध्ये जन्मलेली ती, तिने आई पाहिलेली नव्हती की माती. आठवड्याभरात सगळ्या संध्याकाळी बैलगाडीच्या जुवावर चढून बसायला लागल्या.

कोंबडीला काय वाटतं ते आपल्याला कसं कळणार, असं लोक म्हणतात. मला तरी यापेक्षा जास्त पुरावा नको होता.

नंतर नोकरी सोडली आणि मळ्यातच पाचशे पक्ष्यांचं शेड टाकलं. जमिनीवर शेंगांच्या टरफलांची गादी, बसायला बांबूच्या काठ्या, अंड्यांसाठी तेलाचे पत्र्याचे डबे आडवे करून त्यात गवत, आणि दुपारनंतर बाहेरच्या कुंपणात सोडायचं. इथून पुढे जे शिकलो ते कोणत्याही प्रचाराच्या पत्रकात नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिंजरा काढला की सुख आपोआप येत नाही. जमिनीवरच्या कोंबड्या एकमेकींना टोचतात. एकीच्या शेपटीशी रक्त दिसलं की दहा जणी धावतात आणि तासाभरात तिचा जीव जातो. म्हणूनच पिल्लं आठ-दहा दिवसांची असताना तापलेल्या पात्याने चोचीचं टोक कापायची पद्धत आहे, पिंजऱ्यातही आणि बाहेरही. मी चोच न कापता चालवायचं ठरवलं, तर शेडचा उजेड कमी करावा लागला, खाद्यातल्या मिठाकडे लक्ष द्यावं लागलं आणि शेवग्याच्या, लसूणघासाच्या जुड्या डोक्याच्या उंचीवर टांगाव्या लागल्या, म्हणजे चोचीला काम मिळतं. हे रोजचं आहे, एका दिवसाचं नाही. गादी ओली झाली की अमोनियाने डोळे चुरचुरतात, कॉक्सी (कॉक्सिडिओसिस) होते, रक्ती हगवण लागते. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते म्हणून हा रोग फार नसतो, हे कबूल केलं पाहिजे. गादी दर दोन दिवसांनी फावड्याने हलवायची, चुना टाकायचा. काही कोंबड्या डब्यात न जाता कोपऱ्यात अंडी घालतात, ती मळतात, फुटतात. मुंगूस येतं, रानमांजर येतं, शिकरा वरून झडप घालतो.

आणि आपला मे महिना. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश, तिला घाम येत नाही, ती फक्त धापा टाकू शकते. पत्र्यावर पऱ्हाट्या अंथरा, गोणपाटं भिजवा, फॉगर लावा, आणि ऐन दुपारी दोनला लाइट गेली की नुसतं बघत बसायचं. फरक इतकाच की बाहेरची कोंबडी निंबाखाली ओल्या मातीत खड्डा करून बसते आणि पिंजऱ्यातली जिथे आहे तिथेच चोच उघडून उभी राहते. लेअर फार्मवर मे महिन्यात मरतुकीसाठी एक माणूस पुरत नसे.

आता पैशाचं. अंड्याच्या खर्चात सत्तर टक्क्यांच्या आसपास खाद्य असतं, म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. मका आमच्या जळगाव-धुळ्यातच पिकतो, तरी इथेनॉलची मागणी वाढल्यापासून तो पोल्ट्रीवाल्याला पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. पिंजऱ्यातली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते आणि शंभर दिवसांत पंच्याऐंशी-नव्वद अंडी देते. माझी फिरणारी कोंबडी १२० ग्रॅम खाते आणि ऐंशीच्या आसपास देते. पिंजऱ्याच्या शेडमध्ये एक माणूस पाच-सात हजार पक्षी बघतो, गादीवर दीड-दोन हजारांवर जाता येत नाही. पाचशे पक्ष्यांना तर घरच्याच माणसांचे हात लागतात. सगळं धरून मोठ्या फार्मचं अंडं पाच रुपयांच्या आसपास पडतं तेव्हा माझं साडेसहा ते सात रुपयांना पडतं. अमेरिकेत विद्यापीठं आणि अंडी उद्योगाने मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात खुल्या पद्धतीचा एकूण खर्च पिंजऱ्यापेक्षा ३६ टक्के जास्त निघाला होता. एरंडोलच्या मळ्यातला हिशेब त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतो.

म्हणजे पिंजरा काढायची किंमत अंड्यामागे दीड ते दोन रुपये. मला हेच ओरडून सांगायचं आहे, कारण पुण्या-मुंबईच्या दुकानात पिंजऱ्याबाहेरच्या सहा अंड्यांचं खोकं हातात घेतलं की हिशेब वेगळाच दिसतो. तिथे एक अंडं पंधरा ते वीस रुपयांना असतं. वरचे दहा-बारा रुपये कोंबडीला जागा दिल्याचे नाहीत. ते खोक्याचे, जाहिरातीचे, गाडीभाड्याचे आणि दुकानाच्या नफ्याचे आहेत. पण ते पाहून सामान्य माणूस एकच समजतो: कोंबडीला दया दाखवणं हा श्रीमंतांचा शौक आहे. दयेचं सर्वांत मोठं नुकसान या खोक्याने केलं आहे.

दुसरा घोळ गावरानचा. जळगावात माझ्या अंड्यांचं गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "भाऊ, गावरान आहे ना?" मी सांगतो, नाही. तपकिरी लेअर आहे, जमिनीवर वाढवलेली. निम्मे तिथेच परत जातात. कवचाचा रंग जातीवर असतो. तपकिरी अंडं पिंजऱ्यातूनही येतं आणि येतंच आहे. बलक पिवळाधमक होतो तो मक्याने, हिरव्या चाऱ्याने किंवा खाद्यात घातलेल्या झेंडूच्या अर्कानेही. चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी गावरान म्हणून विकल्याचे प्रकार तर उघडकीला आलेलेच आहेत. युरोपात २००४ पासून प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या आवारातलं, २ म्हणजे शेडमध्ये जमिनीवरचं, ३ म्हणजे पिंजऱ्यातलं. आपल्याकडे अंडं घेणाऱ्याला हे कळायची सोयच नाही. मग जो खरं सांगतो त्याचं गिऱ्हाईक तुटतं.

खरं गावरान अंडं पाहायचं तर सातपुड्याच्या पायथ्याला जावं लागतं. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर मी लसीकरणाच्या कामानिमित्त फिरलो आहे. मानमोडीची (राणीखेतची) लस बायका स्वतः कोंबड्या डालग्यातून काढून देत टोचून घेतात. कोंबडी हे त्यांचं स्वतःचं धन. तेल-मीठ, पोराची वही, आजारपणात एसटीचं तिकीट, सगळं त्यातून. तिथल्या कोंबडीला कुणी पिंजरा दाखवलेला नाही, आणि तिचं अंडं घरातलं पोर सहसा खात नाही. मी एका मावशीला विचारलं होतं, एवढ्या कोंबड्या, मग पोरांना अंडी का देत नाही? ती म्हणाली, "आंडं खाई टाकं ते पिल्लू कोठेन यी?" तिचा हिशेब चोख आहे. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत, आणि मधे खुडूक होऊन एकवीस दिवस बसते. विकलं तर अंड्याचे दहा रुपये, उबवलं तर सहा-सात महिन्यांनी बाजारात कोंबडा चारशे-पाचशेला. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो आज अंडं खात नाही.

त्या अंगणाची आणखी एक गोष्ट मला मानावी लागते. तिथे कोंबडा वाढतो. लेअरच्या धंद्यात नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसही फार धरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी त्याची विल्हेवाट लागते. काही पिल्लं हिरवी-गुलाबी रंगवून टोपलीतून गावोगाव विकली जातात, पोरं घेतात आणि दोन दिवसांत ती मरतात. माझ्या शेडमधल्या तलंगांचे भाऊही त्याच हॅचरीत संपले. पिंजरा काढल्याने हे थांबत नाही. जर्मनीने २०२२ च्या १ जानेवारीपासून ते कायद्याने बंद केलं. आपल्याकडे गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा जातींमध्ये नर-मादी दोन्ही वाढवतात. अंडी कमी मिळतात, पण कुणाला कचऱ्यात टाकावं लागत नाही.

पिंजऱ्याविरुद्ध बोलणारा माणूस पोल्ट्रीवाल्याला खलनायक करतो, ते मला पटत नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, उभी राहिली आणि व्यापारी ठरवेल तो भाव घ्यायची शेतकऱ्याची वेळ बऱ्याच अंशी गेली. आज देशात वर्षाला १४ हजार कोटींहून जास्त अंडी होतात, २०२३-२४ च्या सरकारी आकड्यांनुसार माणशी १०३. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं माणशी १८० हवीत. आपल्या महाराष्ट्राला तर रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात, असं २०२३ च्या जानेवारीत पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं. ती कर्नाटक, तेलंगण, तामिळनाडूतून येतात. स्वस्त प्रथिन गरिबाच्या ताटात आलं ते पिंजऱ्याच्याच वाटेने आलं.

आणि खान्देशातल्या पोल्ट्रीवाल्याने काय काय सोसलं ते खान्देशातच कळतं. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला, २००६ च्या फेब्रुवारीत. लाखो पक्षी मारून खड्ड्यात पुरले. मार्चमध्ये ती लाट जळगाव जिल्ह्यात मारूळ, सावद्यापर्यंत आली आणि अंगणातल्या कोंबड्याही गेल्या. २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू, पुन्हा खड्डे. अशा माणसाला उद्यापासून पिंजरे भंगारात घाल आणि नवं शेड बांध म्हणणं सोपं आहे. बँकेचा हप्ता त्याच्या नावावर असतो.

तरीही पिंजरा गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडच्या ब्रँबेल समितीने १९६५ मध्येच म्हटलं होतं की जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि अवयव ताणता आले पाहिजेत. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर त्याच्याही आधीचा, १९६० चा. त्याच्या ११व्या कलमात, जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा लिहिलेला आहे. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९वा अहवाल खास अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर दिला. २०१९ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला, त्यात एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागदापर्यंत तोही पोहोचत नाही. युरोपने साधा पिंजरा २०१२ पासून बंद केला, पण त्याआधी शेतकऱ्यांना बारा वर्षांची मुदत दिली. ती मुदत मला फार महत्त्वाची वाटते. जुने पिंजरे झिजून संपेपर्यंत वापरा, नवा पिंजरा मात्र बसवू नका, असा सरळ नियम आपल्याकडे का होऊ नये? नव्या शेडला कर्जावर व्याजाची सवलत द्या. एका पिढीत नव्हे, दहा-बारा वर्षांत काम होईल.

राहतो तो दीड-दोन रुपयांचा प्रश्न, आणि तो खरा प्रश्न आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. दर धरला पाच रुपये. जो अंडं खात नाही त्याला केळी. हिवाळ्यात बाजारात अंडं साडेसहा-सात रुपयांना गेलं तेव्हा वरचे पैसे कुठून आणायचे हे गुरुजींनी आपापलं पाहिलं. माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून भर घालत होते. २०२५ च्या जानेवारीत सरकारने या अंड्याचा निधीच बंद केला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. ज्या पाड्यावर आईच पोराला अंडं देऊ शकत नाही, तिथे लोकसहभाग कुणाचा?

म्हणून कोंबडीचं दुःख सांगताना मला त्या पोराचं ताट बाजूला ठेवता येत नाही. अंडं महाग करून कोंबडी सुखी करणं आणि त्याची किंमत कुपोषित मुलाने मोजणं, हा न्याय नव्हे. पण पोराच्या नावाने कोंबडीला कागदाहूनही कमी जागेत कोंडून ठेवायचं आणि तेच अंडं हॉटेलातल्या ऑम्लेटमध्ये, बेकरीच्या केकमध्ये, जिममधल्या नाश्त्यात जायचं, हाही न्याय नव्हे. जळगाव शहरात रोज उठणाऱ्या अंड्यांपैकी पाड्यावरच्या पोरापर्यंत किती पोहोचतात? तिथे नाव त्याचं आणि सोय आपली असते. ज्याला परवडतं त्याने आधी द्यावं. महिन्याला एक ट्रे अंडी खाणाऱ्या घराला दोन रुपयांप्रमाणे साठ रुपये जास्त पडतात. मोबाइलच्या रिचार्जमध्ये यापेक्षा जास्त जातात.

आणि पोराचं अंडं सरकारने द्यावं, पिंजऱ्याबाहेरचंच द्यावं, आणि ते गावातूनच घ्यावं. हे स्वप्नरंजन नाही, मी आकडे मांडून पाहिलेले आहेत. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या एखाद्या बचत गटाने चांगल्या जातीच्या पन्नास कोंबड्या गादीवर सांभाळल्या तर आठवड्याला अडीचशेच्या वर अंडी होतात. साठ पोरांच्या चार शाळांना आठवड्याचं एक अंडं त्यातून निघतं. पन्नास कोंबड्यांना फॉगर लागत नाही, निंबाची सावली पुरते. गाडीभाडं नाही, खोकं नाही, फूटतूट नाही. बाईच्या हातात रोख पैसा येतो, मग कदाचित ती आपल्या देशी कोंबडीचं एखादं अंडं पोराच्या ताटातही वाढेल. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना अंडी देण्याची व्यवस्था २०१६ पासून आहेच. तिथे ही खरेदी जोडायला नवं खातं काढावं लागणार नाही.

लागतं ते एवढंच: अंडं पाचऐवजी आठ रुपयांना घ्यायचं. सात रुपयांना पडणाऱ्या अंड्याला आठ रुपये मिळाले तर गट टिकतो. पाच मिळाले तर दोन महिन्यांत कोंबड्या बाजारात जातात, हे मी एका गटाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे. जिल्हा परिषदेत जे बसतात, नियोजन समितीत जे हात वर करतात, त्यांना माझी विनंती आहे. शाळेतलं बंद केलेलं अंडं पुन्हा सुरू करा, त्याचा दर आठ रुपये धरा, आणि खरेदीच्या आदेशात एक ओळ घाला: अंडी पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची आणि तालुक्यातल्या गटांकडूनच घ्यावीत. धुळे, जळगाव, नंदुरबार यांपैकी एका जिल्ह्याने एका तालुक्यात एक वर्ष करून पाहावं. कोंबड्या कशा सांभाळायच्या ते शिकवायला मी येईन, आणि त्याचे पैसे घेणार नाही.